आठ-दहाचं वाक्य

पहिल्या भेटीत त्याने तिच्या कोपरावर रिंग हाणली आणि तो निघून गेला.

बिचाऱ्याला हाणायची नव्हती. पण धावत्या इंजिनातून अर्धं बाहेर वाकायचं, एका हाताने रिंग टाकायची आणि दुसऱ्या हाताने घ्यायची, हे काम पहिल्याच दिवशी कुणाला साधलंय? ती कळवळून खाली बसली. डबे धडधडत पुढे गेले आणि त्या आवाजातून एक प्रश्न मागे उरला —

"लागलं का?"

उत्तर द्यायला कोण होतं समोर? गाडी फलाटाच्या टोकाला पोचलीसुद्धा.

रिंग म्हणजे काय, ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट हवेत जाईल. त्या छोट्या गावाला तेव्हा एकच रूळ होता. जाणारी गाडी त्याच रुळावरून, येणारीही त्याच. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून जुन्या माणसांनी साधी युक्ती काढली होती. दोन स्टेशनांमधल्या टप्प्याला एक लोखंडी गोळा. गोळ्यावर त्या टप्प्याचं नाव कोरलेलं. गोळा ज्याच्या हाती, त्यालाच पुढे जायची मुभा. हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचा आणि पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला बांधायची. जी गाडी स्टेशनात थांबत नाही, तिच्यासाठी फलाटावर उभं राहून रिंग उंच धरायची. गाडी वेग कमी करते, इंजिनातला असिस्टंट मागच्या टप्प्याची रिंग तुमच्याकडे टाकतो आणि पुढच्या टप्प्याची तुमच्या हातातून उचलतो. सगळं मिळून दोन सेकंद.

फलाटावर उभं राहायचं काम तिचं. तिच्या आधी तीस वर्षं ते तिच्या वडिलांनी केलं होतं. ते गेले आणि नोकरी तिच्याकडे आली. तीन बहिणींत धाकटी, म्हणून घरात आणि स्टेशनात सगळे तिला बारकी म्हणत. वडिलांनी तिला लहानपणी गोष्टी सांगितल्या त्या गोळ्याच्याच. रिंग हातात पडली की इंजिनातल्या माणसाने शंभर पावलांच्या आत पिशवी उघडायची, गोळ्यावरचं नाव वाचायचं, मोठ्याने म्हणायचं, मगच वेग घ्यायचा. "गोळा वाचल्याशिवाय ड्रायव्हर श्वाससुद्धा घेत नाही," असं ते म्हणत आणि बारकीला ते देवाच्या शब्दाइतकं खरं वाटे.

तर त्या दिवशी संध्याकाळी तीच गाडी शहरातून परतली. इंजिनातून तोच चेहरा बाहेर वाकलेला. ओठांवर मिशीची नुसती रेघ आणि डोळ्यांत अपराध्याचा भाव. रिंगांची अदलाबदल झाली आणि बारकीने सकाळच्या प्रश्नाला दहा तासांनी उत्तर दिलं.

"नाही लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहाला तो ओरडला, "मग कोपर का धरलं होतं?"

संध्याकाळी ती म्हणाली, "सवय आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी — "कोपर धरायची?"

संध्याकाळी — "गप्प बसायची."

इथून सगळं सुरू झालं. कुणी ठरवलं नाही, कागदावर आलं नाही, पण रिवाजच पडून गेला. सकाळचं वाक्य त्याचं, संध्याकाळचं तिचं. दोन सेकंदांत दोघं बोलू शकत नाहीत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ते दिवसभर किंवा रात्रभर मनात घोळवायचं. रविवारी ती गाडी नसे. त्यामुळे शनिवारचं वाक्य दोन रात्री पुरवायला लागे, आणि म्हणून शनिवारी ती जरा विचार करून बोले.

आता फलाटावर का ती एकटी होती? आठ-दहा न थांबता गेली की मागून आठ-पंचवीसची लोकल येई, ती मात्र थांबे. तिच्यासाठी गावातली चाळीसेक माणसं डबे, पिशव्या सांभाळत आधीच येऊन उभी असत. कचेरीतल्या टायपिस्ट बाई, बँकेतले अण्णा, औषधांच्या दुकानातला सदा घाईत असलेला चष्मेवाला. पहिला आठवडाभर त्यांनी हे बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या आठवड्यात ती माणसं दहा मिनिटं लवकर येऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात तर अण्णा आणि चष्मेवाला चहाची पैज लावू लागले की आज आठ-दहा काय बोलणार. त्यालाही त्यांनी नाव ठेवलं ते 'आठ-दहा'च. "आज आठ-दहाने दाढी केलीय गं," असं टायपिस्ट बाई हळूच सांगत आणि बारकी झेंडा गुंडाळता गुंडाळता कान लाल करून घेई.

एकदा पाऊस चांगलाच लागला होता. सकाळी तो ओरडला, "छत्री का नाही?" संध्याकाळी ती म्हणाली, "दोन हात, एक रिंग, एक झेंडा. छत्री तुम्ही धरा."

दुसऱ्या दिवशी इंजिनातून जी रिंग आली तिला एक छत्री लटकत होती. नवी कोरी, निळी, सुतळीने घट्ट बांधलेली. फलाटावर अशी काही शांतता पसरली की डब्यांचे सांधे खडखडताना ऐकू आले. आणि मग चाळीस माणसं एकदम हसली.

स्टेशन मास्तर हसले नाहीत. मास्तरकाका निवृत्तीला आलेले, कडक पण मायाळू. नको असलेल्या छापील फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर ते या स्टेशनाचा इतिहास लिहीत. इथे आधी नुसती एक विहीर होती आणि गाड्यांची इंजिनं फक्त पाणी प्यायला थांबत. मग कौलांचा कारखाना आला म्हणून फलाट आला. मग कारखाना बंद पडला आणि गाव पोटासाठी रोज शहरात जाऊन रोज परत येऊ लागलं. "कारखाना मेला पोरी, पण आठ-पंचवीसने गाव जगवलं," असं ते सांगत. अशा माणसाच्या स्टेशनात रिंगला छत्री! त्यांनी नियमपुस्तक काढलं, चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाले की छत्रीचा उल्लेख कुठे नाही, त्यामुळे शिक्षा काय द्यावी ते कळत नाही. पण पुन्हा रिंगला बाहेरून काही बांधलेलं दिसलं तर वरपर्यंत कळवीन. मग जाता जाता पुस्ती जोडली, "रंग चांगला निवडलाय गाढवाने."

तर असे महिने गेले. आठ महिने. रोजचं एक एक वाक्य धरलं तर फार तर चारशे वाक्यं होतील. एखादं जोडपं एका भांडणात एवढं बोलून मोकळं होतं. पण यांना त्या चारशे वाक्यांत एकमेकांचं घर कळलं, आवडीनिवडी कळल्या. तो रुळाच्या दुसऱ्या टोकाच्या गावी राहतो, मावशीकडे वाढला, अंधाराला नाही पण मांजराला भितो. ती शिवणकाम करणाऱ्या आईबरोबर स्टेशनामागच्या दोन खोल्यांत राहते, पहाटे उठून देवघरात दिवा लावते आणि गाडी येण्याआधी आरशात बघत नाही. हे शेवटचं खोटं होतं, आणि त्यालाही ते माहीत होतं.

एकदा मात्र देवाने त्यांची गंमत केली. पुढचा सिग्नल बिघडला आणि आठ-दहा चक्क स्टेशनात उभी राहिली. वीस मिनिटं! तो इंजिनातून उतरला, फलाटावर आला. पहिल्यांदाच दोघं एका जमिनीवर, एका उंचीला. आणि काय सांगू तुम्हाला — दोघांनाही शब्द सुचेना. एका वाक्याची सवय लागलेल्या जिवांना वीस मिनिटं फार झाली. तो नळाचं पाणी प्यायला. तिने नसलेली धूळ झेंड्यावरून झटकली.

"तुमचा आवाज... जवळून वेगळाच आहे," तो शेवटी म्हणाला.

"इंजिनाशिवाय ऐकलात कुठे तुम्ही तो?"

"मग ऐकवा ना."

ती काही बोलणार तोच सिग्नल पडला. त्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने भोंगा दिला आणि तो पळाला. त्या संध्याकाळी बारकीने आईला सांगितलं. आई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला नाही, नुसता वेग कमी केला, जसा गाडी स्टेशनाजवळ करते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला विचारू नकोस, मी लगेच हो म्हणून बसेन. हो म्हणायचं काम तुझं आहे.

ते काम लवकरच अंगावर आलं.

एका गुरुवारी सकाळी तो नेहमीपेक्षा आधी बोलायला लागला. इंजिन फलाटाला लागायच्या आतच ओरडत होता, आणि वाक्य संपलं तेव्हा फलाट जवळजवळ संपला होता.

"बढती आलीय — फार लांबची बदली — उद्यापर्यंत हो-नाही कळवायचंय — जाऊ की राहू?"

 बढती नाकारली तर अजून काही वर्षं असिस्टंटच राहावं लागेल, एवढं रेल्वेच्या गावातल्या पोराटोरांनाही कळतं. म्हणजे माणूस विचारत होता की तू असशील तर राहतो, नसशील तर जातो. अण्णांनी डबा खाली ठेवला. टायपिस्ट बाईंनी बारकीचा हात धरला, आणि तो केवढा गार पडलाय हे बघून सोडलाच नाही. त्यांची आठ-पंचवीस त्या दिवशी चुकता चुकता राहिली.

बारकीचं उत्तर तयार होतं. त्याचा प्रश्न संपायच्या आतच तयार होतं. एकच शब्द. दिवसभर ती तो मनात म्हणून बघत होती. सिग्नलचे दिवे पुसताना, विहिरीचं पाणी शेंदताना. दुपारी देवघरासमोर बसून एकदा मोठ्यानेही म्हणाली — "राहा." शब्द कसा घरासारखा वाटला.

पण संध्याकाळी काय झालं ऐका. सहाची लोकल शहरातून आली. एरवी तिच्यातून उतरलेली माणसं घराच्या ओढीने पाच मिनिटांत पांगायची. त्या दिवशी एकही हललं नाही. चाळीसची चाळीस माणसं फलाटावर उभी. अण्णांनी निरोप पाठवून बायकोला बोलावून घेतलं होतं. चष्मेवाल्याचा भाऊ आला होता. कुणी कुणी पुढे जागा मिळावी म्हणून बाकावर चढून बसलं होतं. सगळ्यांच्या तोंडावर इतकी माया, इतकी उत्सुकता, की रागवायचीही सोय नव्हती.

बारकी ऑफिसच्या दारातून ते बघून मागे फिरली. हा शब्द चाळीस माणसांत ओरडायचा? आजवरची वाक्यं थट्टेची होती, ती सगळ्यांची होती. हा एक शब्द तिचा होता. तिला तो कुणाच्या कानावर न जाता फक्त त्याच्या हातावर ठेवायचा होता.

आणि मग तिला ते सुचलं. सुचलं म्हणजे किती सोपं होतं! रिंगला बाहेरून काही बांधायचं नाही, असं मास्तरकाका म्हणाले होते. आत कुठे काय म्हणाले होते? तिने मास्तरकाकांचा एक पाठकोरा फॉर्म घेतला. आधी चार ओळी लिहिल्या, त्या खोडल्या. मग दुसऱ्या कागदावर नुसतं लिहिलं —

राहा. रविवारी आईला भेटायला या.

कागदाची घडी केली, पिशवी उघडली, गोळ्याच्या वर ठेवली, पट्टा लावला. शंभर पावलांच्या आत तो पिशवी उघडणार, गोळा बघायच्या आधी त्याला हा कागद दिसणार. इंजिनात, एकट्याने, वाचणार. तिला आत्ताच त्याचा चेहरा दिसत होता.

गाडी आली. तो बाहेर वाकलेला. रिंगकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो तिच्या ओठांकडे बघत होता. चाळीस माणसंही तिच्या ओठांकडेच बघत होती. तिने रिंग उंच धरली... आणि लाजेने तिची मान आपोआप खाली गेली. त्याने रिंग घेतली. दोन सेकंद संपले.

संध्याकाळचं वाक्य पहिल्यांदाच रिकामं गेलं. फलाट संपेपर्यंत तो मागे वळून बघत होता, असं टायपिस्ट बाईंनी नंतर सांगितलं. बारकीने बघितलं नाही. ती खाली बघून हसत होती.

मंडळी, त्या चाळीस माणसांनीच हे प्रेम कौतुकाने वाढवलं, आणि कौतुकानेच ती त्याच्या वाटेत उभी राहिली. माणसाची मायाही कधी कधी गर्दी करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहाला तिने नवी ओढणी घेतली होती. गाडी आली. त्याची नजर रिंगवर. त्याने रिंग टाकली, रिंग घेतली, आणि इंजिन पुढे गेलं. वाक्य नाही. नजरसुद्धा नाही.

तिला वाटलं, बोलला असेल, गाडीच्या आवाजात आपल्यालाच ऐकू आलं नसेल. मग वाटलं, रविवारी येणार म्हणून जपून वागतोय. शनिवारी सकाळीही तो काही बोलला नाही. रविवारी आईने दोन्ही खोल्या झाडून पुसून घेतल्या, चादरी बदलल्या. बारकी दारात उभी राहिली, मग खिडकीत, मग उगाच विहिरीपर्यंत जाऊन आली. कुणी आलं नाही. दिवेलागणीला आईने बाहेर मांडलेली खुर्ची आत घेतली.

सोमवारी टायपिस्ट बाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, अगं, सरळ विचार ना त्याला. तेव्हा बारकी काय म्हणाली ठाऊक आहे?

"माझं वाक्य देऊन झालंय, बाई. आता त्याचं."

आणि तिकडे तो! त्याच्या हिशेबी प्रश्न त्याने विचारला होता, उत्तर तिचं यायचं होतं. रिवाज दोघांनी मिळून पाडला होता आणि दोघंही तो प्राणपणाने पाळत होते. दोघं आपापल्या जागी उभी, दुसऱ्याकडून काहीतरी हातात पडेल म्हणून. संध्याकाळी ती रिंग द्यायची तेव्हा तो तिच्याकडे बघायचा, पण ती बघायची नाही. सकाळी ती बघायची तेव्हा तो बघायचा नाही. मान एवढी ताठ ठेवायला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

बुधवारी इंजिनातून दुसराच असिस्टंट वाकला. जाड मिशांचा, वयाने मोठा. त्याने रिंग घेतली, तिथल्या तिथे पिशवी उघडली, गोळा बाहेर काढून नाव मोठ्याने वाचलं. नियमाप्रमाणे. बारकीने ते बघितलं, आणि उरलासुरला संशय गेला. म्हणजे आठ-दहानेही कागद वाचला होता. वाचूनच गेला होता.

मास्तरकाकांनी त्या दिवशी तिला लवकर घरी पाठवलं. काही विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना न विचारण्याची विद्या येते.

पुढची पस्तीस वर्षं सांगायला वेळ लागत नाही. जगायला लागला असेल. मास्तरकाका निवृत्त झाले, जाताना इतिहासाचे कागद तिच्या हवाली करून गेले. तिने खात्याच्या परीक्षा दिल्या, एक नापास, दोन पास, आणि एक दिवस त्याच ऑफिसात मास्तरांच्या खुर्चीत बसली. फलाटावरची नवी पोरं तिला मॅडम म्हणू लागली. स्थळं आली होती. एकाला तिने नाही म्हटलं, एकाला आईच्या दुखण्यात उत्तर द्यायचं राहून गेलं, मग यायची थांबली. ती कडू झाली नाही, हे सांगितलं पाहिजे. सकाळचा दिवा चुकला नाही. पण शिवणीतला एखादा धागा निघाला की माणूस तो चिमटीत धरून बसतो, तशी ती कधी कधी बसे. वाचलं, तर एक शब्द तरी बोलायचा. नाही म्हणायचं होतं, तर नाही म्हणायचं.

मग दुसरा रूळ पडला. विजेच्या तारा आल्या. वेताच्या रिंगा आणि लोखंडी गोळे खात्याने एका दिवशी गोळा करून नेले. आणि गावाने वर्षानुवर्षं केलेल्या अर्जांना अखेर यश आलं. शहराकडे जाणारी आठ-दहाची जलद गाडी आता इथे थांबणार होती. दोन मिनिटं.

पहिल्या दिवशी सगळं गाव फलाटावर. टायपिस्ट बाई निवृत्त होऊन काठी टेकत आलेल्या. अण्णा नव्हते, त्यांचा मुलगा होता. मॅडमनी ड्रायव्हरला फुलं द्यायची, असं गावाने ठरवलेलं. गाडी आली, थांबली. ती इंजिनाच्या खिडकीपाशी गेली, वर बघितलं.

केस पांढरे. मिशी आता चांगली भरघोस. पण डोळ्यांत तोच अपराध्याचा भाव, जणू आत्ताच कुणाच्या कोपराला रिंग लागलीय.

"ओळखलंत?" तो म्हणाला.

"गाडी ओळखली. ड्रायव्हर मागून."

तो हसला. फुलं घेतली, कुठे ठेवावी कळेना म्हणून मांडीवर ठेवली. चार शब्दांत त्याने सगळं सांगितलं. लांब गेला, तिकडेच लग्न झालं, बायको शाळेत शिकवते, दोन मुली. आता निवृत्तीआधी दोन वर्षं मागून घेऊन या मार्गावर आलाय. काचेच्या कडेला एक फोटो खोचलेला होता. दोन मुली आणि मध्ये एक हसरी बाई, वाऱ्याने केस उडालेली. सगळ्या एकमेकींना रेलून उभ्या.

मग तो खिडकीतून थोडा पुढे झाला.

"एक विचारायचं राहून गेलंय. म्हटलं, आता म्हातारे झालो, विचारायला हरकत नाही... त्या संध्याकाळी तुम्ही काहीच का बोलला नाहीत? मी पुढे चार दिवस वाट बघितली."

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. चेहरा बघितला. थट्टा नव्हती.

"लिहून दिलं होतं," ती म्हणाली. "पिशवीत. गोळ्यावर ठेवलं होतं."

"पिशवीत?"

"तुम्ही उघडणारच ना. नियम होता."

त्याने फुलांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असं तिला वाटलं, पण सगळी दोनच मिनिटं होती, तेव्हा बराच नसेल.

"बाकी सगळ्या स्टेशनांची पिशवी उघडायचो," तो म्हणाला. "तुमची कधीच नाही. माझा म्हातारा ड्रायव्हर विचारायचा, गोळा बरोबर आहे ना रे? मी न उघडता म्हणायचो, बरोबर आहे. तुम्ही दिलाय म्हणजे बरोबरच असणार... तुमच्या हातचं काय तपासायचं?"

कुणी पाण्यात ढकलल्यासारखं झालं तिला. म्हणजे तो कागद पुढच्या स्टेशनात कुणाच्या तरी हाती पडला असेल. 'राहा' वाचून तो माणूस गोंधळला असेल, केरात टाकला असेल. आणि ती पस्तीस वर्षं ज्याच्यावर रुसून राहिली, त्याचा गुन्हा एवढाच होता की त्याने तिच्यावर फार विश्वास ठेवला.

"काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं. आवाज अगदी हलका.

तिच्या ओठांवर शब्द आला. तोच, घरासारखा. पस्तीस वर्षं आत राहूनही तो जुना झाला नव्हता. तिने वर बघितलं, आणि काचेच्या कडेचा फोटो दिसला. ही बाई, या दोन पोरी. तो शब्द आता दिला तर हा माणूस तो घेऊन घरी जाईल, जेवताना ताटाशी बसून त्याच्याकडे बघेल, आणि समोर बसलेल्यांना कळणार नाही की हा कुठे बघतोय.

जन्मात तिने खोटं टाळलं होतं, आरशाचं सोडलं तर. देवा, हे एक पदरात घे, असं मनात म्हणून ती बोलली.

"जा, असंच लिहिलं होतं. बढती सोडू नका म्हणून."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. सुटल्यासारखा आणि किंचित काहीतरी हातातून गेल्यासारखा, दोन्ही एकदम दिसला.

"म्हणजे गेलो ते बरंच केलं."

"बरंच केलंत."

"आणि मी वेडा, उगाच इतकी वर्षं तुमच्यावर रागावून —"

"मीही —" एवढं तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती म्हणाली, "मीही तुम्हाला लिहून द्यायला नको होतं. बोलायला हवं होतं. सिग्नल झालाय बघा."

सिग्नल हिरवा झाला होता. ती दोन पावलं मागे आली आणि झेंडा दाखवला. गाडी हलली. तो खिडकीतून बाहेर वाकला, हात वर केला. फलाटावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टायपिस्ट बाई काठी टेकत जवळ आल्या. काय म्हणाला गं, असं त्यांनी विचारलं. सुखात आहे, असं तिने सांगितलं. आणि तू काय म्हणालीस, असं त्या विचारणार होत्या, पण त्यांनी बारकीचा हात धरला, आणि तो किती गार पडलाय हे त्यांना कळलं. मग त्यांनीही विचारलं नाही.

ऑफिसात फोन वाजत होता. पुढच्या स्टेशनाला गाडी सुटल्याची वेळ सांगायची होती. बारकी आत गेली, रिसीव्हर उचलला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आकडे दिसेनात. पलीकडचा पोरगा दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, पुन्हा बघितलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं —

"आठ बारा. गाडी वेळेवर सुटली."